पत्राच्या तळाशी नाव कोणाचे?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोयाबीनचा भाव, पीकविमा, मराठवाड्याचे पाणी हे विषय समोर असताना मोबाइलवरून जाणाऱ्या ई-मेलच्या तळच्या एका ओळीवर मी बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु भांडवलाचा स्वभाव पुष्कळदा मोठ्या व्यवहारांपेक्षा अशा किरकोळ जागीच अधिक उघडा पडतो.

आपल्यापैकी अनेक जण जिल्हाधिकारी कार्यालयाला, बँकेला, विद्यापीठाला पाठवायची निवेदने आता मोबाइलवरूनच ई-मेलने धाडतात. मजकूर मराठीत असतो. शेवटी 'क्रांतिकारी अभिवादनासह' आणि त्याखाली नाव. आणि नावाच्याही खाली, लिहिणाऱ्याने न लिहिलेली एक इंग्रजी ओळ: 'सेंट फ्रॉम माय आयफोन'. कोठे सॅमसंगचे नाव असते, कोठे याहूचे, कोठे 'आउटलुक घ्या' असा थेट उपदेशच असतो. आयफोन २००७ साली बाजारात आला. त्याच्याआधी ब्लॅकबेरीने ही प्रथा रूढ केली होती. अमेरिकन कंपनीच्या नावाने समाप्त होणारे क्रांतिकारी अभिवादन पाहून हसू येते खरे, पण विषय हसण्यावारी नेण्याचा नाही.

पत्राचा तळ ही आपल्या परंपरेत फार जपलेली जागा आहे. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उमटवीत. पत्र येथे संपले, याखाली कोणी अक्षर वाढवू नये, हा तिचा अर्थ आणि हाच तिचा उपयोग. घरगुती पत्रात तेच काम 'कळावे, लोभ असावा' करीत असे. आपल्या मराठवाड्याला तर या जागेचा आणखी एक अनुभव आहे. निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती, आणि उर्दू अर्जात सहीपूर्वी स्वतःला 'फिदवी' म्हणवून घेण्याची रीत होती. फिदवी म्हणजे धन्यावर जीव ओवाळून टाकणारा सेवक. अर्ज आपला, गाऱ्हाणे आपले, पण तळाशी शब्द दुसऱ्याने ठरवलेला! १९४८ साली ते राज्य गेले. आजची ओळ तितकी अपमानकारक नाही, हे मी मान्य करतो. जुलमाची तुलना सैलपणे करू नये. परंतु आपल्या सहीखाली काय असावे हे दुसऱ्याने ठरवावे, एवढे साम्य उरतेच.

आता अर्थशास्त्राकडे वळू. डाक विभागाने २००२ साली 'मेघदूत' नावाचे पोस्टकार्ड काढले होते, ते आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. साधे कार्ड पन्नास पैशांना, मेघदूत पंचवीस पैशांना. पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेली असे. जाहिरात उघड होती, विकत घेण्यापूर्वी दिसत होती, नको असेल त्याला साधे कार्ड मिळत होते, आणि ती वाहून नेण्याबद्दल पत्र लिहिणाराला निम्मी किंमत माफ होती. हा व्यवहार सरळ होता.

हॉटमेलचे तसे नव्हते, तरी त्यातही देवघेव होती. भारतात वाढलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी १९९६ साली ही सेवा सुरू केली. प्रत्येक पत्राच्या तळाशी 'तुम्हीही फुकट ई-मेल घ्या' अशा आशयाची ओळ आपोआप जाई. वर्तमानपत्रातील जाहिरातीवर माणूस अर्धा विश्वास ठेवतो. मित्राच्या पत्राखालील ओळ त्याला मित्राची शिफारस वाटते. दीड वर्षाच्या आत ग्राहक ऐंशी लाखांच्या वर गेले आणि १९९७च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती कंपनी सुमारे चाळीस कोटी डॉलरना घेतली. हे मूल्य ज्यांनी निर्माण केले, त्यांत ती पत्रे लिहिणारे लक्षावधी लोकही होते. त्यांना निदान सेवा तरी फुकट मिळाली.

आयफोनच्या बाबतीत तेही नाही. तो फुकट मिळत नाही. येथल्या शेतमजुराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढी त्याची किंमत असते. पूर्ण दाम मोजून घेतलेल्या वस्तूने गिऱ्हाइकाकडूनच विक्रेत्याचा प्रचार करवून घ्यावा, हा प्रकार आपल्या घरातील भांड्यांच्या उदाहरणाने लगेच कळेल. लग्नात आहेर म्हणून दिलेल्या भांड्यावर देणाराचे नाव असते, ते योग्यच. स्वतः विकत घेतलेल्या भांड्यावर आपण घरच्यांचे नाव घालून घेतो. भांडेवाल्याचे नाव घालून प्रत्येक पंगतीत ते मिरवावे, असे कोणी म्हटले तर आपण त्याला वेडा म्हणू.

या ओळीच्या समर्थनार्थ एक मुद्दा मांडला जातो आणि त्यात तथ्य आहे. मोबाइलच्या लहान कळफलकावर चुका होतात, उत्तर त्रोटक जाते. ओळ वाचून समोरचा ते समजून घेतो. ठीक. मग 'मोबाइलवरून लिहिले आहे, त्रुटींबद्दल क्षमस्व' असे मराठीत लिहावे. त्या क्षमायाचनेत फोनच्या कारखानदाराचे नाव कशाला? शिवाय कोणाकडे कोणता फोन आहे, हे नाव ते अनायासे सांगून टाकते. साथी म्हणवणाऱ्यांच्या पत्रव्यवहारात ऐपतीचे असे प्रदर्शन शोभत नाही.

ओळ काढता येते, फोनच्या सेटिंगमध्ये ई-मेलच्या सहीचा चौकोन असतो, तो रिकामा केला की झाले, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण ती काढण्याचे श्रम आपण का घ्यायचे? मौनाला संमती मानण्याची ही युक्ती आपल्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहे. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०२० पासून कर्जदारांनाही ऐच्छिक झाली. परंतु ज्याला ती नको असेल त्यानेच अंतिम तारखेच्या सात दिवस आधी बँकेला तसे लेखी कळवायचे. न कळवले तर हप्ता खात्यातून कापला जातो. विमा चांगला की वाईट हा वेगळा प्रश्न आहे. 'हो' आधीच लिहून ठेवायचे आणि 'नाही' म्हणण्याचा भार दुर्बलावर टाकायचा, ही पद्धत मात्र दोन्हीकडे एकच आहे. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी हे तत्त्व स्वीकारले. पण ते माहितीच्या वापरापुरते. सहीखालच्या जाहिरातीला ते लागू होत नाही.

म्हणून दोन मागण्या आपण हाती घ्याव्यात. फोन विकताना सहीची जागा कोरी असावी. कोणाला कंपनीचे नाव मिरवायचे असेल तर त्याने ते हाताने लिहावे. आणि शासकीय अधिकाऱ्यांनी मोबाइलवरून दिलेल्या उत्तरांखाली कोणत्याही कंपनीचे नाव येऊ नये. कार्यालयाच्या कागदावर दुकानाची जाहिरात छापून आली तर आपण जाब विचारला असता. ई-मेलला वेगळा न्याय का? नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना या दुसऱ्या मागणीचे निवेदन याच आठवड्यात देता येईल. ते ई-मेलने पाठवणार असाल, तर पाठवण्यापूर्वी तळाशी एकदा नजर टाका.