दंडाने नाला शुद्ध होणार नाही

(हुबळीच्या देशपांडे नगरातील नागरिकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाची मोठी सर आली की भुयारी गटारे तुंबतात आणि मैलापाणी रस्त्यावर येते. आपण नाक दाबून वाट काढतो व पाणी ओसरताच सारे विसरतो. परंतु ते पाणी जाते कोठे? शहराचा मैला मोठ्या नाल्यात जातो आणि नाला खालच्या अंगास बिडनाळ, गब्बूर या गावांच्या शिवारांकडे वाहतो. तेथील शेतकरी याच पाण्यावर भाजीपाला पिकवीत, हे सन २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. पाणी फुकट व कसदार खरे. पण त्याने तण आणि कीड माजे, आणि वाहून आलेल्या दवाखान्यांच्या सुया अनवाणी राबणाऱ्यांच्या पायांत रुतत. आपली घाण ती त्यांची जखम!

आता कायद्याकडे वळू. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा. सन २०२४ च्या दुरुस्तीने त्यातील अनेक अपराधांची कैद जाऊन १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. राज्याने ठराव करून ती स्वीकारली, तरच ती तेथे लागू होते. दंडास आमचा विरोध नाही. परंतु नगरपालिकाच दोषी ठरली तर दंड भरणार कोण? करदाते आपणच! पैसा सरकारी निधीत जाईल आणि नाला काळाच राहील.

सन २००८ पासून या जुळ्या शहरांच्या काही भागांत चोवीस तास पाणी आले. घरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा अभियंत्यांचा हिशेब आहे. नळ वाढवावयाचा आणि गटार मात्र जुनेच ठेवावयाचे, हा कुठला न्याय?

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. गटार कोठे व केव्हा तुंबले, याची नोंद महापालिकेने जाहीर करावी. पावसाचे पाणी मैल्यापासून वेगळे काढावे. तुंबलेले गटार यंत्राने उपसावे; त्यात संरक्षक साधनांविना माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे.

आणि आपले कर्तव्य? छपराच्या पन्हळीचे पाणी ज्याने मैल्याच्या गटारास जोडले असेल, त्याने ते आधी तोडावे. मग महापालिकेकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपणांस पुरेपूर राहील.