रोल धुवायला कोणाच्या हाती द्यावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



या सभेत दरवर्षी कोणी उन्हाळी वाळवणावर बोलते, कोणी भिशीच्या हिशेबावर, कोणी मुलींच्या शिक्षणावर. यंदा माझा विषय ऐकून पुष्कळजणींना हसू आले. कॅमेऱ्याचा रोल धुवायला कुठे द्यावा, हा काय विषय झाला? आता रोल वापरतो कोण? हातातला मोबाईल वर केला की फोटो झाला. हे अगदी खरे. पण स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करायला आम्ही चौघी घरोघर फिरलो, तेव्हा पेट्यांच्या तळातून फोटोंबरोबर तीन रोलही निघाले. काढलेले, पण कधी धुतलेच नाहीत असे. त्या तीन रोलांनी आम्हाला सहा महिने कामाला लावले. त्यात जे कळले तेच आज सांगते. मी सातवी शिकलेली बाई. यातले शास्त्र मी विचारून विचारून घेतले आहे, तेव्हा स्वयंपाकघराच्या भाषेतच सांगेन.

पहिली गोष्ट अशी की रोल एकदाच धुता येतो. भाजी आळणी झाली तर वरून मीठ घालता येते, रोलाचे तसे नाही. फोटो काढताना उजेड पडतो आणि फिल्मवर छबी बसते, पण ती डोळ्यांना दिसत नाही. अंधारात डेव्हलपर नावाच्या औषधात फिल्म घातली की ती छबी वर येते. मग हायपोत घातली की ती कायम होते आणि उजेडाला भीत नाही. हे हायपोचे गुण जॉन हर्शेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ साली शोधले. फोटोची कला जगापुढे आली ती त्यानंतर वीस वर्षांनी. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवर जे काळे दिसते ती बारीक चांदी असते, हे ऐकून आमच्या एका काकूंनी रोल लगेच पदरात बांधला! तर या औषधाचा जोर, त्याची ऊब आणि त्यात ठेवण्याचा वेळ, यांत एकही चूक झाली तर छबी गेली ती गेली.

आपल्या दर्यापुरात पूर्वी रोल कसा धुतला जाई, ते माझ्या वयाच्या बायांना आठवत असेल. आपण रोल फोटोच्या दुकानात द्यायचो. काळा-पांढरा असला तर काही फोटोवाले मागच्या अंधारखोलीत स्वतः धुवायचे. रंगीत असला तर तो अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या लॅबकडे जायचा आणि दोनचार दिवसांनी कॉप्या यायच्या. म्हणजे आपण रोल ज्याच्या हाती देत होतो तो धुणारा नव्हताच, तो फक्त घेणारा होता. मध्ये किती हात लागले ते कोणी विचारले नाही, आणि तेव्हा विचारण्याची तितकी गरजही नव्हती. लॅबमध्ये रोज ढिगाने रोल यायचे, औषध सतत ताजे राहायचे. आता तशी गर्दी राहिली नाही. म्हणून आता पहिला प्रश्न हाच विचारायचा, “दादा, हा रोल धुणार कोण?”

आम्ही एका शहरातल्या दुकानात गेलो. त्या माणसाने रोल हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, “देऊन जा, होऊन जाईल.” धुणार कोण, कुठे, कधी, ते तीनदा विचारले. तीनदाही “होऊन जाईल” हेच उत्तर. आम्ही रोल परत घेतला आणि एस.टी.ने घरी आलो. बरोबरच्या वहिनी चिडल्या, फेरी फुकट गेली म्हणून. मला ती फेरी फुकट वाटली नाही.

दुसरा प्रश्न औषधाच्या ताजेपणाचा. मिठाईच्या दुकानात आपण काय पाहतो? जिथे गिऱ्हाईक जास्त तिथला खवा ताजा. रोलाचेही तसेच आहे. केलेले औषध पडून राहिले की त्याचा जोर उतरतो. तेव्हा दुकानाची पाटी किती मोठी आहे हे पाहू नये. आठवड्यात किती रोल धुता आणि औषध नवे कधी करता, हे विचारावे. नुकत्याच धुतलेल्या दुसऱ्या एखाद्या रोलाची निगेटिव्ह उजेडाला धरून दाखवा म्हणावे. तिच्यावर लांब ओरखडे दिसले, किंवा वाळताना पडलेले पाण्याचे डाग दिसले, तर नमस्कार करून निघावे.

पाण्याचे डाग म्हटले की आपल्याला वेगळे सांगायला नको. आपला मुलूख खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरींचे पाणी कसे असते, ते या सभेतल्या प्रत्येक सुनेला माहीत आहे. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरा थर बसतो. तोच थर फिल्मवर बसतो. म्हणून जाणते लोक शेवटची खळबळ शुद्ध केलेल्या पाण्यात करतात, बॅटरीत घालतात तसल्या. उन्हाळ्याचेही तसेच. काळ्या-पांढऱ्या रोलाला औषध साधारण २० अंशांवर लागते. आपल्याकडे मे महिन्यात नळाचे पाणीच हात पोळते, तेव्हा पूर्वीचे फोटोवाले औषधाच्या भांड्याभोवती बर्फ ठेवीत. रंगीत रोलाचे औषध ३७.८ अंशांवर ठेवावे लागते, आणि त्यात फिल्म सव्वातीन मिनिटे. अर्ध्या अंशाचा फरकसुद्धा रंग बिघडवतो. ज्याच्याकडे पाणी आणि ऊब यांची व्यवस्था नाही, त्याने कितीही गोड बोलले तरी रोल देऊ नये.

आता कोणी म्हणेल, मग घरीच का धुऊ नये? हे काम बायकांच्या हातचे नाही असे मात्र मला कोणी सांगू नये. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या कोऱ्या फिल्मला काठाने भोके पाडणे, औषधे कालवणे, फिल्म धुणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. तेही दिवसा कंपनीतल्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक उरकून, मुले निजवून, रात्री अंधारात. आपल्या देशातल्या पहिल्या चित्रपटाची फिल्म एका गृहिणीच्या हाताखालून गेली, हे मला कोणी शाळेत सांगितले नव्हते.

आणखी एक गंमत ऐका. अमेरिकेत रॉचेस्टर येथील तंत्रशिक्षण संस्थेत १९९५ साली विद्यार्थ्यांनी कॉफी आणि धुण्याचा सोडा यांच्या पाण्यात फिल्म धुऊन दाखवली. पुढे लोकांनी त्यात क जीवनसत्त्वाची पूड घातली. आजही हौशी लोक हे करतात. आमच्या शेजारच्या एका मुलाने करूनही पाहिले, आणि त्याचे फोटो खरोखर उमटले. तो म्हणाला, “काकू, द्या मला, मी फुकट धुऊन देतो.” मुलगा गुणी आहे. पण त्याने तोवर दोनच रोल धुतले होते, तेही कालपरवा काढलेले. हात बसवायला नवा रोल वापरावा, जुना एकुलता एक नव्हे. त्याला ते थोडे लागले, पण त्याच्या आईला पटले.

आता त्या तीन रोलांचे सांगते.

पहिला रोल आमच्या मंडळातल्या एका वयोवृद्ध मावशींचा. यजमानांकडे अगफा क्लिक थ्री हा डबी कॅमेरा होता. त्यात एका रोलावर बारा फोटो निघत. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता, आता बंद पडला आहे. त्याची ‘इंदू’ फिल्म तेव्हा सगळीकडे मिळे, हा रोल त्यातलाच. मावशींची थोरली मुलगी पाच वर्षांची होती, तेव्हा तिला घेऊन ते मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीने, आपल्या शकुंतलेने, माहेरी गेले होते. तेव्हा गाडीला वाफेचे इंजिन होते. स्टेशनावर फोटो काढले. परत आल्यावर महिन्याच्या आत मुलगी तापाने गेली. तिचा दुसरा एकही फोटो घरात नाही. रोल धुवायला द्यायचे धाडस त्या माउलीला झाले नाही, आणि यजमानांनाही झाले नाही. तो एका फडक्यात बांधून चाळीस वर्षांवर पेटीत राहिला. आम्ही विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, “त्यात माही पोरगी असन त पाहू द्या मले. नसन त राहू द्या.”

आता सांगा बायांनो, हा रोल “होऊन जाईल” म्हणणाऱ्याच्या हाती द्यायचा का?

शेवटी मुंबईला फिल्म धुणाऱ्या एका जागेचा पत्ता लागला. मोठ्या शहरांत अशा जागा अजून आहेत, कारण तरुण मुलांना पुन्हा रोलाचा नाद लागला आहे. आम्ही फोनवर विचारायला गेलो चार प्रश्न, तर तिकडच्या माणसाने आम्हालाच दहा विचारले. कागदावर नाव काय आहे? रोल घट्ट गुंडाळलेला आहे की सैल? पेटी कुठे होती, टिनाखाली का? किती उन्हाळे गेले? मग म्हणाला, “ताई, मी वचन देत नाही. उष्णतेने छबी फिकी पडते आणि फिल्मवर धुके चढते. पण काळा-पांढरा आहे, त्यामुळे आशा आहे. रंगीत असता तर कमी असती. माझ्याकडे असलाच जुना एक रोल आहे, आधी त्यावर औषध आजमावतो आणि मग तुमचा हाती घेतो.” शितावरून भाताची परीक्षा! त्याच क्षणी मी मनात ठरवले की रोल इथेच द्यायचा. ‘नक्की येतील’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘येतीलच असे नाही’ म्हणणारा मला खात्रीचा वाटला.

पार्सलाने पाठवला नाही. मावशींचा भाचा जाणार होता, त्याच्या हाती दिला, आणि वर चिठ्ठी लावली: निगेटिव्ह परत हवी. हे मात्र प्रत्येकीने लिहून द्यावे. आता पुष्कळ ठिकाणी फोटो संगणकावर उतरवून मोबाईलवर पाठवतात आणि निगेटिव्ह मागितली नाही तर ती राहून जाते. माझ्या लग्नाच्या निगेटिव्ह फोटोवाल्यानेच ठेवून घेतल्या होत्या, तेव्हा तशी रीतच होती. दहा वर्षांनी मागायला गेलो तर तिथे मोबाईलचे दुकान, आणि निगेटिव्हचा पत्ता नाही. लेकीसुनांचे फोटो परक्याच्या कपाटात पडून राहावेत, हे मला तेव्हाही आवडले नव्हते आणि आताही आवडत नाही.

बारापैकी सात फोटोंत नुसते धुके निघाले. पाच उमटले. जुन्या रोलाच्या पाठीला जो कागद असतो, त्यावरचे आकडे फिल्मवर उमटतात, तसे यातही उमटले आहेत. एका फोटोत इंजिनाजवळ मुलगी उभी आहे, डोळे उन्हाने बारीक केलेले, आणि फ्रॉकवर सातचा आकडा. मावशींनी फोटो बराच वेळ हातात धरला. मग म्हणाल्या, “हा फराक म्याच शिवला होता.” तो फोटो त्यांच्या परवानगीने या अंकात छापला आहे.

दुसरा रोल रंगीत, एका हळदीचा. रोलावर ‘सी-४१’ असे लिहिलेले होते. रंगीत निगेटिव्ह धुण्याची ही रीत कोडॅकने १९७२ मध्ये आणली आणि आजही तीच चालते, त्यामुळे अडचण आली नाही. फोटो तांबूस झाले आहेत, पण हळदीचे असल्याने कोणाची तक्रार नाही. ज्यांचे नातलग परदेशात आहेत त्यांनी मात्र रोलावरचे नाव नीट वाचावे. कोडॅक्रोम असला तर त्याची रंगीत धुलाई जगात आता कुठेच होत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी शेवटची लॅब होती. तिनेही ३० डिसेंबर २०१० नंतर नवे रोल घेणे बंद केले. असा रोल फार तर काळ्या-पांढऱ्यात धुता येतो.

तिसऱ्या रोलावर काहीच लिहिलेले नाही. चिठ्ठी उडाली आहे. तो कोणत्या जातीचा आहे ते कळेपर्यंत धुवायला द्यायचा नाही, असे मुंबईच्या त्या माणसानेच सांगितले आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून मी तो फ्रिजमध्ये ठेवला आहे. नातवंडांना ताकीद आहे की आत काय आहे ते पाहायला फिल्म ओढायची नाही, कारण एका घरी तसे झाले आणि सारा रोल उजेडाने खराब झाला.

आणखी कोणाकडे असे रोल असतील तर दिवाळीच्या आत माझ्याकडे आणून द्यावेत. फडक्यात बांधून, वर नाव आणि घरात कुठे ठेवला होता ते लिहून. कोणीतरी मुंबईला जाणारे निघेलच, सगळे एकदम पाठवू.