मेंदूची साक्ष कोणासाठी?

(गुन्हा, मेंदू आणि जबाबदारी या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी डॉक्टर आणि वकील यांच्यापुरताच आहे असे वाटेल. न्यायसाहाय्यक मज्जामानसशास्त्र हे नावही भारदस्त आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न अगदी साधा आहे आणि तो प्रत्येक नागरिकाचा आहे. एखाद्याच्या हातून भयंकर कृत्य घडले, तर त्याचा दोष त्याला केव्हा द्यावा आणि केव्हा देऊ नये? आणि हे ठरविण्याचे साधन समाजातील कोणाच्या हाती आहे? पहिल्या प्रश्नाची चर्चा विद्वानांनी पुष्कळ केली आहे. दुसऱ्याची फारशी होत नाही. मला आज मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम कायदा पाहू. १८४३ साली डॅनियल मॅकनॉटन नावाच्या एका स्कॉटिश कातारी कारागिराने लंडनमध्ये पंतप्रधान पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. सरकार पक्ष आपला छळ करीत आहे, या भ्रमाने त्याला ग्रासले होते. ज्यूरीने त्याला वेडाच्या कारणास्तव निर्दोष ठरविले. त्यावर गदारोळ उठला, आणि लॉर्ड्सच्या सभागृहाने न्यायाधीशांकडून या बाबतीतील नियम स्पष्ट करून घेतले. त्याच नियमांचा ठसा १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ८४ व्या कलमावर उमटला. १९७१ साली विधि आयोगाने आपल्या बेचाळिसाव्या अहवालात हे कलम बदलण्याची आवश्यकता नाही, असे मत दिले. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्यात क्रमांक बदलून २२ झाला, कसोटी मात्र तीच राहिली. मनोविकलतेमुळे आपल्या कृत्याचे स्वरूप, किंवा आपण करतो ते गैर वा बेकायदा आहे, हे कृत्याच्या वेळी जाणण्यास जो असमर्थ होता, त्याचे कृत्य अपराध ठरत नाही.

येथे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. एक ‘जाणणे’ आणि दुसरा ‘कृत्याच्या वेळी’. केवळ आजार असून भागत नाही, त्या आजाराने त्या क्षणी जाणीवच हिरावून घेतली होती, असे दिसावे लागते. न्यायालये म्हणूनच वैद्यकीय वेड आणि कायद्यातील वेड यांत भेद करतात. हा भेद अवास्तव नाही. मनोरुग्णांपैकी बहुसंख्य माणसे कोणालाही इजा करीत नाहीत. आजाराचे नाव हेच जबाबदारीतून सुटण्याचे प्रमाणपत्र ठरले, तर तो त्या निरुपद्रवी रुग्णांचाही अपमान होईल.

आता शास्त्राकडे वळू. मज्जामानसशास्त्रज्ञ मेंदूचे काम माणसाच्या वागण्यातून मोजतो. तो शब्दांची यादी ऐकवून काही वेळाने त्यातले किती आठवतात हे पाहतो, लक्ष किती वेळ टिकते हे पाहतो, मध्येच नियम बदलला तर जुनी सवय आवरून नवा नियम पाळता येतो की नाही हे तपासतो. हे शेवटचे काम प्रामुख्याने कपाळामागील मेंदूच्या भागाशी निगडित आहे. आरोपी सोंग घेतो आहे काय, हेही काही प्रमाणात तपासता येते. दोन चित्रांपैकी आधी दाखविलेले कोणते, असे पुन्हा पुन्हा विचारले, तर ज्याला काहीच आठवत नाही त्याचीही निव्वळ अंदाजाने निम्मी उत्तरे बरोबर येतात. निम्म्याहून पुष्कळ कमी येऊ लागली, की तो बरोबर उत्तर ओळखून मुद्दाम टाळतो आहे, असा संशय रास्त ठरतो. श्रीमंत आरोपी वेडाचे ढोंग करून सुटतील अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. ढोंगाला उत्तर अधिक काटेकोर तपासणी हे आहे.

परंतु याच शास्त्राने कायद्यापुढे एक अवघड कोडेही ठेवले आहे. २००३ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या दोन डॉक्टरांनी एका चाळीस वर्षांच्या शिक्षकाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या गृहस्थाच्या वागण्यात एकाएकी बालकांविषयी विकृत लैंगिक ओढ उत्पन्न झाली. तपासणीत डोळ्यांच्या वरच्या बाजूस, मेंदूच्या पुढच्या भागात, मोठी गाठ आढळली. ती काढताच ओढ नाहीशी झाली. काही काळाने ओढ परतली, तेव्हा गाठही पुन्हा वाढलेली दिसली. या माणसाला आपण करतो ते गैर आहे हे कळत होते, पण स्वतःला आवरता येत नव्हते. आपल्या कायद्याची कसोटी केवळ जाणण्याची आहे, आवरण्याची नाही. त्या कसोटीवर हा मनुष्य पूर्ण जबाबदार ठरेल. इंग्लंडने १९५७ साली हत्येच्या बाबतीत ‘उणावलेली जबाबदारी’ मान्य केली आणि अशा आरोपीचा गुन्हा खुनाऐवजी कमी दर्जाचा मानण्याची वाट ठेवली. आपल्याकडे पूर्ण दोषी आणि पूर्ण निर्दोष यांच्यामध्ये ही पायरीच नाही. जे काही मधले आहे, ते शिक्षा सुनावण्याच्या वेळी न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविलेले आहे.

तथापि याहून गंभीर गोष्ट निराळी आहे. मनोविकलता सिद्ध करण्याचा भार कायद्याने आरोपीवर टाकला आहे. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने दह्याभाई ठक्कर खटल्यात हा भार हलका करून सांगितला. आरोपीला निःसंशय पुरावा द्यावा लागत नाही, शक्यतेचे पारडे त्याच्या बाजूला झुकले म्हणजे पुरे. हे तत्त्व उदार आहे. पण पारड्यात घालावयास काहीतरी हवे ना? त्यासाठी जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, डॉक्टरांची साक्ष आणि घटनेनंतर लगेच झालेली तपासणी लागते. महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाने १९९४ साली पत्नीची हत्या केली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याला दोषी ठरविले. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुक्त केले, कारण घटनेपूर्वीचा आजार, घराण्यातील मनोविकाराचा इतिहास आणि घटनेनंतरचे दीर्घ उपचार यांच्या नोंदी उपलब्ध होत्या. निकाल योग्यच होता. पण त्याच जागी एखादा ऊसतोड कामगार असता तर? त्याचा आजार भगताच्या अंगाऱ्यावर निभावलेला असतो. पहाडावरून पडून डोक्याला झालेली जखम गावातल्या कंपाउंडरने शिवलेली असते. मिरगीला घरात ‘बाहेरची बाधा’ म्हणतात. त्याच्या मेंदूचा इतिहास कोठेही लिहिलेला नसतो. आणि जे लिहिलेले नाही ते न्यायालयाच्या दृष्टीने घडलेलेच नसते.

या देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही पडत नाही. आपल्या राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. विविध चाचण्यांच्या मापांचाही प्रश्न आहे. ज्याने कधी पेन्सिल हाती धरली नाही, त्याला आकृती काढावयास सांगून त्याची बुद्धी मोजणे म्हणजे मासळीला झाडावर चढावयास लावणे होय. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २००४ साली वय, लिंग आणि शिक्षण विचारात घेऊन भारतीय मानके सिद्ध केली, हे मोठे काम झाले. पण ती मानके वापरणारा प्रशिक्षित माणूस तालुक्याच्या न्यायालयापर्यंत पोहोचावयास हवा.

आणि आता विरोधाभास पाहा. आरोपीची जबाबदारी तपासण्यासाठी ज्या शासनाला मेंदूचे शास्त्र परवडत नाही, त्याच शासनाला आरोपीचा गुन्हा त्याच्या मेंदूतून उकरून काढण्यासाठी ते शास्त्र तत्परतेने परवडले. नार्को तपासणी, खोटेपणा ओळखणारे यंत्र, मेंदूच्या विद्युत्लहरींची नोंद ही सारी साधने पोलिसांच्या दिमतीस उभी राहिली. २००८ च्या जून महिन्यात पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात दोषसिद्धी देताना अशा मेंदूलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. डोक्याला तारा लावून घटनेचे वर्णन ऐकवायचे, आणि लहरींच्या चढउतारांवरून ‘हा अनुभव आरोपीने स्वतः घेतला आहे’ असा निष्कर्ष काढायचा, अशी ती पद्धत. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धत शास्त्रीय कसोटीस उतरत नाही, असा अभिप्राय दिला. पुढे ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संमतीवाचून करणे घटनेच्या विसाव्या आणि एकविसाव्या अनुच्छेदांचा भंग करणारे आहे, असा निर्वाळा दिला. माणसाच्या कवटीच्या आत शिरण्याचा परवाना पोलिसांना नाही, हे त्या निकालाचे सार आहे.

वेडाचा शिक्का हाही गरिबाला तारतोच असे नाही. आसाममधील एका आदिवासी तरुणाला १९५१ साली अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. १९६७ साली डॉक्टरांनी तो बरा असल्याचे कळविले. तरीही सुटका झाली नाही, त्याला तुरुंगात हलविण्यात आले. त्याच्यावर खटला कधी चाललाच नाही. २००५ साली, चोपन्न वर्षांनी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो बाहेर पडला आणि दोन वर्षांनी वारला. त्याच्या हातून गुन्हा झाला होता की नाही, हे कोणालाच ठाऊक नाही. कारण ते ठरविण्याची तसदीच कोणी घेतली नाही. कायद्याने निर्दोष ठरलेल्या मनोरुग्णालाही सुरक्षित ताब्यात ठेवता येते किंवा नातेवाइकांच्या हवाली करता येते. ज्याला नेण्यास कोणी येत नाही, त्याच्यासाठी ‘सुरक्षित ताबा’ हा जन्मठेपेचाच दुसरा शब्द होतो.

फाशीची शिक्षा झालेल्यांची स्थिती तर याहून अंतर्मुख करणारी आहे. २०२१ साली दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील अभ्यासगटाने अशा ८८ कैद्यांच्या अभ्यासावर आधारित अहवाल प्रसिद्ध केला. त्यात साठ टक्क्यांहून अधिकांना कोणता ना कोणता मनोविकार आढळला. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेनंतर उद्भवलेला गंभीर मनोविकारही फाशी रद्द करण्याचे कारण ठरू शकतो, असे मान्य केले. २०२२ साली मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात, फाशीचा विचार करण्यापूर्वी आरोपीच्या मनोवैज्ञानिक मूल्यमापनाचा अहवाल खटल्याच्या पातळीवरच समोर आला पाहिजे, असे सांगितले. दिशा योग्य आहे. परंतु हे मूल्यमापन मरणाच्या उंबरठ्यावरच का व्हावे? अटकेनंतरच्या पहिल्या दिवसांत, जेव्हा त्या क्षणीच्या मनःस्थितीच्या खुणा अद्याप पुसलेल्या नसतात, तेव्हा का नाही?

यावर कोणी विचारील, ज्याच्या घरचे माणूस गेले त्याचे काय? हा प्रश्न टाळता येणार नाही, टाळू नये. मृताच्या आप्तांना सत्य जाणण्याचा हक्क आहे. पण काय घडले आणि का घडले, हे दोन्ही मिळून सत्य होते. ज्याला आपण काय करतो हे कळलेच नाही, त्याला फासावर चढवून आप्तांच्या हाती केवळ दुसरे प्रेत येते, न्याय येत नाही. उलट त्याचा आजार वेळीच ओळखला गेला असता तर त्यांचे माणूस वाचले असते, ही गोष्ट त्यांनी शासनाला विचारण्याजोगी आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. गंभीर गुन्ह्यातील ज्या आरोपीच्या वागण्यात वा इतिहासात मनोविकाराची किंवा मेंदूच्या इजेची खूण दिसेल, त्याची तपासणी अटकेनंतर तातडीने, पोलिसांच्या प्रभावाबाहेर, शासनाच्या खर्चाने व्हावी. विधी साहाय्यातून वकील मिळतो तसा बचाव पक्षाला स्वतंत्र तज्ज्ञही मिळावा. चाचण्या आरोपीच्या भाषेत आणि भारतीय मानकांवर व्हाव्यात, आणि त्यांची पूर्ण नोंद न्यायालयापुढे यावी. मनोविकलतेच्या कारणाने ताब्यात असलेल्या प्रत्येकाचा ठराविक मुदतीने फेरविचार व्हावा. आणि उणावलेल्या जबाबदारीचा प्रश्न विधि आयोगाने पुन्हा हाती घ्यावा. १९७१ साली जे उपलब्ध नव्हते, असे पुष्कळ ज्ञान आज आपल्या हाती आहे.

शास्त्र न्यायाधीशाची जागा घेऊ शकत नाही. मेंदूच्या छायाचित्रात दोष वा निर्दोषता लिहिलेली नसते. कोणाला जबाबदार धरावे हा अखेर समाजाचा नैतिक निर्णय आहे. परंतु तो निर्णय एकासाठी तज्ज्ञांच्या अहवालावर आणि दुसऱ्यासाठी फौजदाराच्या कागदावर होत असेल, तर कायद्यापुढील समानता पुस्तकातच राहते. तुरुंगातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश अजून खटल्याच्या निकालाची वाट पाहत आहेत. त्यांच्यात अशी किती माणसे आहेत, ज्यांना आपण तेथे का आहोत हेच उमगलेले नाही? आपल्या जिल्ह्याच्या कारागृहाबाबत ही माहिती मागण्याचा अधिकार आपणा सर्वांना आहे. तो वापरण्यास सुरुवात करावी, एवढीच माझी विनंती आहे.