पेशींची पाठराखण
(उष्णतेच्या आघाताला सजीवांनी दिलेले उत्तर)



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या आमच्या विज्ञानशिक्षकांना आम्ही नुसते ‘सर’ म्हणत असू. त्यांच्या वर्गखोलीपासून पन्नास पावलांवर उभे राहून बोलताना मला त्यांचा एक तास आठवतो. नववीच्या वर्गात प्रथिनांचा धडा चालला होता. सरांनी परीक्षानळीत अंड्यातला पांढरा बलक घेतला, तेव्हा सोवळ्या घरच्या काही मुलांनी नाके मुरडली. सरांनी तिकडे लक्ष दिले नाही. नळी कढत पाण्यात धरताच तो पारदर्शक द्रव पांढरा झाला, घट्ट झाला. मग त्यांनी नळी गार पाण्यात बुडवली आणि विचारले, “तूप वितळते आणि पुन्हा थिजते. मग हे घट्ट झालेले गार केल्यावर पुन्हा पातळ का होत नाही?” मी हात वर करून म्हणालो, “सर, ते शिजले म्हणून.” सर म्हणाले, “हे उत्तर नव्हे. माझाच प्रश्न तू मला दुसऱ्या शब्दांत परत दिलास.”

पुढे जीवरसायनशास्त्र हेच माझे क्षेत्र झाले आणि त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. आज त्याच प्रश्नाचे उत्तर, उशिरा का होईना, आपणासमोर ठेवणार आहे.

ग्वाल्हेरकरांना उष्णतेची ओळख करून देण्याचे कारण नाही. रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरला की सुरू होणारा नवतपा आपण सर्वांनी सोसला आहे. खिशात कांदा, घरात कैरीचे पन्हे, खिडकीला वाळ्याचा पडदा हे आपले बाहेरचे उपाय. परंतु शरीरातील प्रत्येक पेशीचाही एक उपाय आहे, आणि तो माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. जिवाणूपासून गव्हाच्या रोपापर्यंत आणि माशीपासून माणसापर्यंत तो थोड्याफार फरकाने सारखाच आढळतो.

उष्णता पेशीचे नेमके काय बिघडवते? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. ही माळ ठराविक पद्धतीने दुमडली, तरच ते प्रथिन कामाचे. पाण्याशी न जमणारे तिचे भाग दुमडताना आत दडतात, पाण्याशी जमणारे बाहेर राहतात. क्रिश्चन अ‍ॅन्फिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज या विकरावर प्रयोग करून दाखवले की, उलगडलेली माळ योग्य परिस्थितीत आपली आपण पुन्हा पूर्वरूपात दुमडते; घडीची सूचना त्या माळेच्या क्रमातच असते. या कार्याबद्दल त्यांना १९७२ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

मग अंड्याचा बलक का उलगडून पुन्हा दुमडत नाही? कारण त्यात प्रथिनांची दाटी असते. उष्णतेने घडी सुटली की आत दडलेले भाग उघडे पडतात आणि ते शेजारच्या उघड्या भागांना चिकटतात. एकीचा पदर दुसरीत अडकतो, दुसरीचा तिसरीत, आणि पाहता पाहता गुंता होतो. तूप थिजते तेव्हा रेणू फक्त जवळ येतात. बलक शिजतो तेव्हा ते एकमेकांत गुंततात. सरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. पेशीच्या आतही अशीच दाटी असते. ज्वरात किंवा उन्हात तापमान चार-पाच अंशांनी वाढले, तर सगळी प्रथिने शिजत नाहीत, हे खरे. पण जी नाजूक आहेत त्यांच्या घड्या सुटू लागतात आणि गुंत्याला सुरुवात होते.

पेशी यावर काय करते, याचा पहिला धागा एका अपघाताने हाती लागला. इटलीतील नेपल्स येथे फेरुच्चो रितोसा हे फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील महाकाय गुणसूत्रांचा अभ्यास करीत होते. या गुणसूत्रांवर जेथे जनुके कार्यरत असतात, तेथे फुगवटे दिसतात. एके दिवशी त्यांना नेहमीच्या जागा सोडून भलत्याच ठिकाणी फुगवटे दिसले. चौकशी करता कळले की, कोणीतरी नकळत उबवणीच्या पेटीचे तापमान वाढवून ठेवले होते. एखाद्याने चरफडत ते नमुने टाकून दिले असते. रितोसांनी मुद्दाम पुन्हा तापमान वाढवून पाहिले, आणि काही मिनिटांतच तेच फुगवटे पुन्हा उठले. एका मान्यवर नियतकालिकाच्या संपादकांनी मात्र या निरीक्षणाला जीवशास्त्रीय अर्थ दिसत नाही म्हणून लेख परत केला. अखेर १९६२ साली तो ‘एक्सपेरिएन्शिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्या फुगवट्यांतून काय निर्माण होते, हे कळायला आणखी बारा वर्षे लागली. १९७४ साली आल्फ्रेड तिसिएर, हर्शेल मिचेल आणि त्यांच्या सहकारी यांनी दाखवले की, तापवलेल्या पेशींत नेहमीच्या प्रथिनांची निर्मिती मंदावते आणि काही मोजकीच प्रथिने झपाट्याने बनू लागतात. यांनाच उष्माघात-प्रथिने म्हणतात. त्यांची नावे त्यांच्या वजनावरून पडली: सुमारे सत्तर किलोडाल्टन वजनाचे ते एचएसपी-७०, नव्वदचे ते एचएसपी-९०.

ही प्रथिने करतात काय? १९८६ साली ह्यू पेलहॅम यांनी असे मत मांडले की, ती घडी सुटलेल्या प्रथिनांच्या उघड्या भागांना धरून ठेवतात आणि त्यांना एकमेकांत गुंतू देत नाहीत. पुढील संशोधनाने हे मत पक्के केले. अशा प्रथिनांना इंग्रजीत जो शब्द रूढ झाला आहे, त्याला आपल्या भाषेत फार सुरेख प्रतिशब्द आहे, तो म्हणजे पाठराखीण. नवी नवरी सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत पाठराखीण जाते. ती नवरीला एकटे पडू देत नाही, भलत्या संगतीत जाऊ देत नाही, आणि नवरी रुळली की आपल्या घरी परतते. त्या संसारात ती वाटेकरी होत नाही. एचएसपी-७० चे काम हुबेहूब असेच आहे. ते माळेला धरते, सोडते, पुन्हा धरते, आणि घडी नीट बसली की निघून जाते. या धरण्या-सोडण्याला एटीपीच्या रूपाने ऊर्जा खर्चावी लागते. पाठराखीण फुकट मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पाठराखिणी केवळ संकटातच लागतात असे नाही. नव्याने बनणाऱ्या प्रथिनांनाही त्या रोज लागतात. मग संकट आले हे पेशीला कळते कसे? येथे निसर्गाची योजना फार साधी आहे. उष्माघात-जनुकांना जागे करणारे एक प्रथिन असते, एचएसएफ-१. एरव्ही पाठराखिणीच त्याला धरून निष्क्रिय ठेवतात. प्रथिनांच्या घड्या सुटू लागल्या की पाठराखिणी तिकडे धावतात आणि एचएसएफ-१ मोकळे होते. त्याचे तीन-तीन रेणू एकत्र येऊन जनुकाच्या आरंभी बसतात व जनुक चालू होते. पुरेशा पाठराखिणी तयार झाल्या की त्यांतल्याच काही परत येऊन त्याला धरतात आणि काम थांबते. म्हणजे पेशी मुख्यतः अंश मोजत नाही, नुकसान मोजते. १९८६ साली बेडकाच्या अंडपेशींत घडी मोडलेली प्रथिने टोचली असता, उष्णता न देताही उष्माघात-जनुके जागी झाली. एकाच उत्तराने पेशी उष्णतेला, कॅडमियमसारख्या विषारी धातूला आणि इतरही अनेक संकटांना तोंड देते, ते यामुळेच.

तयारीही पाहण्यासारखी आहे. माशीच्या एचएसपी-७० जनुकाच्या आरंभी नक्कल करणारे विकर आधीच येऊन थबकलेले असते. इशारा मिळताच ते धावू लागते. बहुतेक जनुकांच्या नकलेतून मधले निरुपयोगी तुकडे कापून काढावे लागतात आणि कडक उष्णतेत हे कापण्याचे काम बंद पडते. या जनुकात तसले तुकडेच नाहीत.

या संशोधनात आपल्या देशाचाही वाटा आहे. बनारस हिंदू विद्यापीठातील प्रा. सुभाषचंद्र लाखोटिया यांनी फळमाशीच्या ‘९३-डी’ या फुगवट्याचा अनेक दशके अभ्यास केला. तेथील जनुक नेहमीच्या अर्थाने प्रथिन बनवत नाही. त्याची आरएनए नक्कल हीच कामाची असते. अशा आरएनएला फारसे कोणी विचारत नव्हते, त्या काळापासून हे काम चालू होते.

आता सरांच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर. शिजलेले पुन्हा मोकळे होऊ शकते काय? परीक्षानळीतला बलक नुसता गार करून होत नाही. परंतु १९९४ साली सुसान लिंडक्विस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, यीस्टमधील एचएसपी-१०४ हे प्रथिन गुंतलेल्या प्रथिनांचे पुंजके सोडवते. ते गुंत्यातून एकेक माळ ओढून काढते, आणि एचएसपी-७० तिला पुन्हा घडी घालण्यास मदत करते. आपल्या पेशींत एचएसपी-१०४ नाही, पण एचएसपी-७० आपल्या साथीदारांसह हे काम काही प्रमाणात करते. सर, उत्तर असे आहे: जिवंत पेशीत थोडेसे शिजलेले मोकळे होते, मात्र त्याला ऊर्जा लागते आणि वेळ लागतो.

श्रोतेहो, या ‘वेळ लागतो’वरच मला आज भर द्यायचा आहे. पेशींना आधी सौम्य उष्णता दिली, मग काही तासांनी तीव्र उष्णता दिली, तर त्या तगतात. एकदम तीव्र उष्णता दिली तर मरतात. सौम्य उष्णतेत पाठराखिणी तयार होऊन बसलेल्या असतात, म्हणून हा फरक. शेतातल्या गव्हालाही सावलीत जाता येत नाही. त्याची सारी भिस्त या प्रथिनांवरच. तरीही २०२२ चा मार्च, १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च, आला तेव्हा दाणा भरण्याच्या ऐन वेळी गव्हाला फटका बसला, आणि त्या मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. पेशींच्या उपायालाही मर्यादा असते.

माणसाचेही तसेच. उन्हात काम करण्याची सवय शरीराला एक ते दोन आठवड्यांत होते. त्यात घाम व रक्ताभिसरण यांतील बदलांचा वाटा मोठा आहे, आणि पेशींतील पाठराखिणींचाही आहे. म्हणून पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे. शरीराच्या आतले तापमान चाळीस अंशांच्या वर गेले आणि माणूस बरळू लागला, की तो उष्माघात. तेव्हा पाठराखिणींची वाट पाहत बसता येत नाही, शरीर तत्काळ गार करावे लागते. उतारवयात तर पेशींचे हे उत्तरच मंदावते.

कोणी विचारील, मग औषध देऊन ही प्रथिने वाढवू नयेत काय? उत्तर सरळ नाही. कर्करोगाच्या पेशीही याच पाठराखिणींच्या आधाराने आपली बिघडलेली प्रथिने सांभाळून वाढतात. निसर्गाने ही जनुके गरजेपुरतीच चालू ठेवली, त्याला कारण आहे.

आपल्यापैकी कित्येकजण आज बांधकामाच्या, कारखान्यांच्या व्यवसायात आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. गावाहून नवा आलेला मजूर वैशाखात पहिल्याच दिवशी भर दुपारी पूर्ण पाळीला लावू नका. पहिल्या दिवशी थोडे, मग रोज वाढवत न्या. सावली, पाणी आणि विश्रांती द्या. त्या विश्रांतीत त्याच्या शरीरातील असंख्य पेशी गुंता सोडवत बसलेल्या असतात. तो बसलेला दिसला तरी त्याचे काम चालू असते.

सरांनी नळी गार पाण्यात बुडवून आम्हाला प्रश्न दिला होता. उत्तराची घाई करू नका, पण प्रश्न सोडूही नका, हे त्यांचे सांगणे होते. त्या दिवशी मला जे उत्तर देता आले नाही, ते आज त्यांच्याच शाळेत सादर केले आहे. त्यात काही चूक राहिली असेल, तर ती दाखवायला ते नाहीत, ही खंत मात्र राहील.