लोकगीत, जाझ आणि पाइप ऑर्गन

ऑर्गन म्हटला कीं मराठी संगीत नाटकाच्या रसिकाला पायानें भाता चालवून वाजवावयाची पेटी आठवते. पाश्चात्त्य देवालयांतील पाइप ऑर्गन हें वाद्य निराळें. पट्टी दाबतांच हवा नळींत शिरते आणि बोट उचलेपर्यंत स्वर एकसारखा निनादत राहतो. बोट हळू पडो वा जोरानें, त्याचें बळ बदलत नाहीं. उलट, लहानमोठ्या आघातांचा लपंडाव हा तर जाझचा प्राण. मग या दोहोंची सोयरीक जुळावी कशी?

ती जुळविणारांत अमेरिकन वादक फॅट्स वॉलर (१९०४–१९४३) याचें नांव अग्रभागीं येतें. वडिलांच्या प्रार्थनासभांत त्यानें बालपणींच पेटी वाजविली होती; पुढें न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील नाट्यगृहांत तो मूकपटांना ऑर्गनची साथ करूं लागला. ऑगस्ट १९३८ मध्यें लंडन येथें त्यानें 'डीप रिव्हर', 'गो डाउन मोझेस' इत्यादि गीतें केवळ ऑर्गनवर ध्वनिमुद्रित केलीं. हीं अमेरिकेंतील कृष्णवर्णी गुलामांचीं भक्तिगीतें. इजिप्तमधील इस्रायली लोकांच्या दास्याची कथा गातांना ते आपलेंच दुःख गात असत.

आघाताची उणीव ऑर्गनवादकाला स्वर तोडून भरून काढावी लागते. स्वर किंचित् आधीं सोडला कीं मध्यें पडणारी निःशब्दता पुढच्या स्वराला उठाव देते. पायांखालच्या पट्ट्या खर्जांत ठेका धरतात. शिवाय मोठ्या ऑर्गनला हातांसाठीं पट्ट्यांच्या एकाहून अधिक रांगा असतात. भजनांत बुवांनीं चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनीं तो उचलावा, तशी या गीतांतील हांक एका रांगेवर आणि तिला मिळणारी ओ दुसरीवर, निराळ्या आवाजांत, वाजवितां येते.

पवित्र गीताला नाचाचा ठेका देणें हा त्याचा उपमर्द, असा आक्षेप घेतां येईल. परंतु गुलामांच्या प्रार्थनासभांत टाळ्या आणि पायांचा ठेका होताच. १८७१ मध्यें फिस्क विद्यापीठाचे विद्यार्थी-गायक आपल्या संस्थेसाठीं निधि जमविण्यास निघाले, त्यानंतर हीं गीतें युरोपीय धर्तीच्या स्वरसंवादांत बसूं लागलीं. सभागृहाला शोभेशा त्या रूपांत ठेका मागें पडला. जाझ ज्या समाजांत जन्मलें त्याच समाजाचीं हीं गीतें. तेव्हां वॉलरचा ठेका त्यांना परका नव्हे. अर्थात् मूळ चालच ओळखूं येईनाशी झाली, तर लाभापेक्षां हानिच अधिक.

नळ्यांवांचूनचा ऑर्गनही तोंवर निघाला होता. १९३५ सालीं विक्रीस आलेल्या हॅमंडच्या विजेवरील ऑर्गनांत पट्टी दाबतांच बारीक 'टक्' असा आवाज होई. करणाऱ्यांच्या दृष्टीनें तो दोष होता. पुढच्या काळांतील जाझवादकांनीं तोच ठेक्याच्या कामीं लावला.