माळाची मोजणी आणि नायकाचे कर्तव्य
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या वाडवडिलांचे आयुष्य मेंढरांमागे माळ तुडविण्यात गेले. त्याच माळावरचे गवत मोजणाऱ्या सहा तरुणांच्या तुकडीचे नायकपण एका हंगामापुरते आमच्याकडे आले होते. त्यासंबंधी चार शब्द सांगावेत, ही चालकांची आज्ञा आम्ही शिरसावंद्य मानतो.

पुणे, सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांतील माळ म्हणजे पडीक जमीन, असा समज रूढ आहे. तो खरा नव्हे. मयूरेश्वरचे चिंकारा, रेहेकुरीचे काळवीट आणि आपली मेंढरे या सर्वांचे पोट माळावरच चालते. मारवेल व पवना ही गुरामेंढरांच्या आवडीची गवते. चराई अति झाली की ती हटतात आणि कुसळी माजते. म्हणून पावसाच्या अखेरीस, गवत फुलोऱ्यावर असताना, मोजणी करावयाची. ५० मीटर फीत ताणावयाची, दर अर्ध्या मीटरवर सळई सरळ सोडावयाची, आणि तिला गवत लागले, पाचोळा लागला की उघडी माती, हे लिहावयाचे. एका ओळीत असे १०० स्पर्श होतात. म्हणजे प्रत्येक स्पर्श शेकडा एक.

काम सोपे दिसते. परंतु एके सायंकाळी एका तरुणाने अखेरची ओळ सळई न सोडता अंदाजानेच भरली. त्याच्या कागदावर उघडी माती शेकडा ४० होती. फीत पुन्हा ताणली, तेव्हा ती २६ निघाली. आम्ही त्यास पुष्कळ बोललो. जवळच्या वाड्यावरील एक वृद्ध मामा हे पाहत होते. ते शांतपणे म्हणाले, "लेकरांनो, कागदावर माती जास्त लागली, तर माळ बंद कुणाला होईल?"

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. सकाळपासून "चला, आटपा" हा घोष आमचाच होता! दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष आम्ही आपली चूक कबूल केली आणि रोजच्या पाच ओळींच्या चार केल्या. रोज सकाळी पहिली ओळ प्रत्येकाने स्वतंत्र मोजावी व आकडे ताडून पाहावेत, तसेच चूक सांगणाऱ्यास कोणी शब्द लावू नये, असा नेम घातला. पुढे तोच तरुण आपली शंका सर्वांआधी बोलून दाखवू लागला.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे गवताळ प्रदेशांचे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. या निमित्ताने आमची एकच विनंती आहे. घरच्या वडीलधाऱ्यांकडून गवतांची नावे शिकून आपल्या मुलामुलींनी अशा तुकड्यांत जावे, आणि आकडा आपल्या विरुद्ध गेला तरी तो खराच लिहावा. खोट्या आकड्याने आज माळ उघडा राहील, पण उद्या त्यावर गवत राहणार नाही.