निजामाच्या झेंड्यावरचा कुलचा



झेंड्याचे रंग बोलतात.
चिन्हंही बोलतात.

1948पर्यंत आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता.
निजामाचा झेंडा पिवळा.
मधोमध गोल.
हा गोल म्हणजे चंद्र नव्हे.
तो आहे कुलचा, म्हणजे गोल रोटी!

आख्यायिका अशी.
एका सूफी संतानं पहिल्या निजामाला कुलचे दिले.
पिवळ्या फडक्यात बांधलेले.
निजामानं सात खाल्ले.
संत म्हणाले, सात पिढ्या राज्य कराल.
म्हणून पिवळा रंग आणि कुलचा, दोन्ही आशीर्वादाची खूण.

1795मध्ये आपल्या जिल्ह्याशेजारी, खर्ड्याला, निजाम आणि मराठ्यांची लढाई झाली.
तिथे निजामासमोर मराठ्यांचा झेंडा होता, जरीपटका.
भरजरी.
मानाचा.

तेव्हा लक्षात ठेवा.
रंग बोलतात, चिन्हंही बोलतात.
घरातल्या वडीलधाऱ्यांना निजामाच्या झेंड्याबद्दल जरूर विचारा.